अंगठ्यामागे आलेला कागद

सकाळी सोजरबाईनं दार उघडलं, तर अंगणभर मातीनं लडबडलेला, पिकाखाली अंथरायचा मल्चिंगचा प्लास्टिक कागद पडलेला. शेतात टाकून दिलेला कागद आजकाल सरपटत माणसामागे येतो, तसाच तो बनवतात. खरेदीच्या पावतीवर ज्याचा अंगठा उठला, तो जिथं असेल तिथं कागद जाणार. आणि संध्याकाळी पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला तो ज्याच्या दारात दिसेल, त्याच्या शेताचं पाणी हंगामभर बंद.

सोजरबाईच्या मिरचीला कागद कधी लागलाच नव्हता. ती खुरप्यानं तण काढायची.

"भावजी, हा तुमच्या टरबुजाचा कागद!" ती कडाडली.

शेजारच्या ओट्यावर दीर रंगनाथ दात कोरत होता. "असंल की. थोरलीच्या अंगठ्यानं घ्यायची आपल्यात रीतच आहे, वहिनी. धुऊन, सुकवून द्या जुना कागद घेणाऱ्या केंद्रावर. तुमचा हात चालतो."

"चार बायांना चार दिवसांत उरकायचं नाही एवढं काम! रेशनचा कागद म्हणून अंगठा घेतलात, लाज नाही वाटली? तीस वर्षं तुमची उष्टी काढली, आता तुमच्या चिंध्या धुऊ?"

"मग काय करणार?" तो हसला.

सोजरबाईनं पदर खोचला, तरातरा गेली आणि त्याच्या ओट्यावर मांडी घालून बसली. तिच्यामागे सगळा कागद खसखसत निघाला, पायऱ्या चढला, त्याच्या उंबऱ्यापर्यंत पसरला.

रंगनाथचं हसू मावळलं. "वहिनी, घरी जा की आता!"

"जाते ना. पाटकरी येऊन गेला, की जाते."