दाणेवाली

रिवाजाप्रमाणे हेमालीने टेबल टेनिसच्या सामन्याआधी आपली बॅट तपासायला समोरच्या अमिषापुढे धरली. अमिषाने ती हातातही घेतली नाही.

"गेल्या वर्षी बघितलीय ना. एक बाजू दाण्यांच्या रबराची," ती म्हणाली आणि सर्व्हिससाठी चेंडू मागितला.

माणगावच्या त्या हॉलमध्ये सगळे हसले. हेमालीला तिथे दाणेवाली म्हणत. जिल्ह्याच्या संघात एकच जागा उरली होती. गेल्या वर्षी जिंकूनही तिची जागा हुकली होती. "ही पोर नाही खेळत, बॅटचे दाणे खेळतात," असं निवडीला बसलेले दीपेश सर सगळ्यांसमोर म्हणाले होते. दाणेदार रबरावर आलेली फिरकी आपोआप उलटी होऊन परत जाते, त्यात हाताचं कौतुक ते काय? हेमालीच्या ते जिव्हारी लागलं होतं.

तळा गावाहून बरोबर आलेले भागोजीकाका तिच्या कानाशी लागले. कारखान्यातली पाळी संपवून वर्षभर सरावाला तेच तिच्या समोर उभे राहिले होते. त्या वर्षात तिचे निम्मे चेंडू छताला लागले, तरी ती हटली नव्हती.

"अजून येळ हाय गो. पुडं जाऊन मार. मागं राहून चेंडू कापत बसलीस तर पुन्ना तेच ऐकशील."

"ऐकीन. पन मी कापनारच."

"मंग हिरवा कापू नको. पिकून खाली आला, की काप."

अमिषाचा टॉपस्पिन जबर होता. चेंडू टेबलावर पडून अंगावर यायचा. हेमाली दोन पावलं मागे सरायची, तो कमरेखाली उतरेपर्यंत थांबायची आणि बॅकहँडने खाली कापून परत पाठवायची. पहिला गेम तिने घालवला. दोन चेंडू तर उंच उडाले.

"दाणे झिजले वाटतं," यंदाही निवडीला बसलेले दीपेश सर शेजाऱ्याला म्हणाले.

हेमालीने ते ऐकलं. मनगटाची पट्टी तिने दातांनी आवळली आणि पुन्हा मागे जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या गेमपासून अमिषाचं गणित चुकू लागलं. जोरात मारलं की दाण्यांवरून चेंडू जड फिरकी घेऊन येणार, म्हणून ती तो खालून उचलायला जायची. तो हलकाच असायचा आणि टेबलाबाहेर जायचा. हळू मारलं, तर नेमका जड यायचा आणि जाळीत अडकायचा. हेमाली कापत राहिली. एकदाही पुढे आली नाही. सामना तिने तीन-एक जिंकला.

टाळ्या वाजायच्या आधीच दीपेश सर उठले. "पुन्हा तेच. यात हात कुठे आहे? ते दाणे नियमात बसतात का, आधी बघू दे."

हेमालीने बॅट त्यांच्या हातात दिली. "बघा ना सर. मगाशी पुडं केली, तवा कोनी घेतली न्हाय."

सरांनी लाल बाजूवरून अंगठा फिरवला. बॅट उलटी करून काळ्या बाजूवरून फिरवला. मग पुन्हा लाल बाजू बघितली.

दोन्हीकडे साधं, गुळगुळीत रबर होतं.