एका बोटाचं स्टेअरिंग

बांधाच्या भांडणात विश्वजीतनं चुलतभाऊ शंभूराजची जिरवायची म्हणून दोघांच्या रानात जाणाऱ्या सामाईक पाणंदीवर आडवे चर पाडले. शंभूराजचा टेम्पो दारातच उभा राहिला. त्यानं ऊस मोडून मिरची लावली आणि पाट्या डोक्यावरनं वाहू लागला.

विश्वजीतनं स्वतःपुरती, चारही चाकांना जोर असलेली फोर बाय फोर पिकअप घेतली. पण चरांतनं जाताना चाकं असे हिसके द्यायची की स्टेअरिंग हातात ठरत नव्हतं. शेवटी सांगलीच्या गॅरेजात जाऊन त्यानं स्टेअरिंग स्टॅबिलायझर बसवून घेतला.

"चाकाचा हिसका आता ह्योच खाईल. एका बोटानं चालवा," मिस्त्री म्हणाला.

"आवं, त्यापरास चरच मुजवा की," बायको संयोगिता म्हणाली.

"म्हंजे त्येचा बी टेम्पो पळंल! मग पाडलं कशाला?"

दुसऱ्या दिवसापासनं तो पाटी घेऊन चाललेल्या शंभूराजच्या अंगावर धुरळा उडवत, मुद्दाम एका बोटानं गाडी हाकू लागला.

हंगामात विश्वजीतच्या उसाला तोड आली. कारखान्याचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या आणि ऊसतोड टोळी घेऊन पाणंदीच्या तोंडाशीच थांबला. ड्रायव्हरनं उतरून चर बघितले आणि टोळीला हाक दिली, "चला रं पुढच्या फडाला! हितं भरल्याली ट्रॉली पलटी हुईल."

विश्वजीत हातापाया पडला, पण ट्रॅक्टर वळला.

रानातनं येणारा शंभूराज डोक्यावरची पाटी खाली ठेवून भांडणानंतर पहिल्यांदाच त्याच्याशी बोलला.



"दादा, पिकअप हाय की तुमची. घाला पाच एकर ऊस कारखान्याला, एका बोटानं."