चौदावी बरणी

“बाई, आजही जेली घट्ट झाली नसेल, तर उद्यापासून आंब्याच्या साली पुन्हा खड्ड्यात,” आमरस डबाबंद करणाऱ्या कारखान्याचे मालक म्हणाले. म्हणजे सालींपासून जेली करण्याचं माझं संशोधनही खड्ड्यात.

तेरा बरण्या पातळच राहिल्या होत्या. साली काढणाऱ्या बायका येता-जाता “झाली काय गो?” म्हणत बरणी हलवायच्या आणि घट्ट होत आलेली जेली मोडायची. चौदावी मी कपाटात बंद केली. किल्ली दिली भागीकाकूंकडे. सगळ्यांत जास्त त्याच हलवायच्या.

आज काकूंनी कपाट उघडलं आणि बरणी थेट मालकांच्या टकलावर उलटी धरली. थेंबही पडला नाही. बायकांनी फेर धरला, त्यात मीही.

“सगळ्या साली तुमच्या, बाई!” मालक डोळे गच्च मिटून ओरडले. “पण आधी ती बरणी सरळ करा हो!”