एक हितचिंतक

“मॅडम, जरा उठता का? अर्ध्या तासाचं काम आहे,” कंपनीकडून आलेला माणूस पुन्हा म्हणाला.

“नाही उठत,” मीना म्हणाली.

तिने खुर्ची आणखी पुढे ओढली आणि की-बोर्डवर हात आडवा ठेवला. तो लॅपटॉप छातीशी धरून तसाच उभा राहिला. जुन्या कॉम्प्युटरमधली देणगीदारांची माहिती उचलायची आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायची, एवढंच त्याचं काम. नाशिक रोडची कितीतरी ऑफिसं त्याने अशी बदलून दिली होती. पण अशी ठाण मांडून बसलेली बाई त्याला पहिल्यांदाच भेटत होती.

शेवटी त्याने संस्थेच्या सचिवांना फोन लावला.

महेश आला तो हेल्मेट काखेत घेऊनच. पस्तिशीचा, हुशार, स्वतःची नोकरी सांभाळून संस्थेसाठी फुकट राबणारा. आल्या आल्या त्याने आवाज चढवला नाही. स्टूल ओढून मीनासमोर बसला.

“मीनाताई, जुना प्रोग्रॅम कधीही मान टाकेल. मग एकाही देणगीदाराचा नंबर हाती लागणार नाही. त्यांच्या जोरावरच ॲम्ब्युलन्स धावते ना आपली?”

“हो.”

“मग?”

“सगळे न्या. एक सोडून.”

तो एक कोण, हे महेशला विचारावं लागलं नाही. ॲम्ब्युलन्सच्या डिझेलचा खर्च दर महिन्याला कुणीतरी देत होतं. पाकीट मीनाकडे येई, पावती ‘एक हितचिंतक’ म्हणून फाटे. जुन्या प्रोग्रॅमला ते चालत होतं. नव्यात नावाची जागा रिकामी सोडता येत नव्हती. शिवाय देणगी जमा झाली रे झाली की देणाऱ्याचं नाव थेट अध्यक्षांच्या मोबाइलवर जाणार होतं. अध्यक्षांनी स्वतः फोन करून आभार मानावेत, अशी त्यात सोयच होती.

अध्यक्ष म्हणजे हनीफ सर. ते नोटांच्या सरकारी प्रेसमधून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी, रुखसार, गेली. सिन्नर फाट्याच्या पुढे एका टेम्पोने तिच्या स्कूटीला उडवलं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ती रस्त्यातच पडून होती. सरांनी फंडाचे पैसे काढून ॲम्ब्युलन्स घेतली. त्या रस्त्यावर पुन्हा कुणाला असं वाट बघत पडावं लागू नये, एवढंच म्हणाले. तेव्हापासून ती मोफत धावत होती. मीना पुढे वर्षभराने कामाला लागली. पगार बेताचा, काम ढीगभर. पण तिने कधी तोंड वर करून काही मागितलं नव्हतं. आज पहिल्यांदाच ती कुणाचं ऐकत नव्हती.

“नाव सांगा, विषय संपला,” महेश म्हणाला.

“शब्द दिलाय मी.”

“ऑडिटर माझा जीव खातो. उद्या कुणी म्हणालं, संस्थेत काळा पैसा जिरवताय, तर?”

“घामाचा आहे तो!” मीना ताडकन म्हणाली. “एक पैसा त्यात वाकडा नाही.”

“तुम्हाला काय माहीत?”

मीनाने मान फिरवली. हात मात्र हलला नाही.

“बरं, आज नको,” महेशने माघार घेतली. “मार्चनंतर करू. दिवाळीला करू. तुम्हीच सांगा, कधी बदलायचं?”

“सर आहेत तोवर नाही.”

कंपनीच्या माणसाने मान खाली घातली. महेश स्टुलावरून उठलाच.

“काय बोलताय, कळतंय का? सरांच्या मरणाची वाट बघायची आम्ही?”

“कळतंय मला. सर आहेत तोवर ते नाव त्यांच्यासमोर जाणार नाही. मला काढायचं तर काढा. बाहेर जाऊन चोर म्हणा. पण आत्ता मी इथून उठणार नाही.”

“मग काढलंच समजा!”

“महेश.”

हनीफ सर दारात उभे होते. केव्हापासून, कुणास ठाऊक.

“तुम्ही दोघं खाली चहा घेऊन या,” ते म्हणाले.

दोघे गेले. सर सावकाश स्टुलावर टेकले. जिना चढून आल्याने त्यांना धाप लागली होती. मीनाने पाण्याचा पेला पुढे सरकवला, तोही डाव्या हाताने.

“हे सॉफ्टवेअर आणायचा हट्ट महेशचा नाही,” सर पाणी पिऊन म्हणाले. “माझा आहे. मला त्या माणसाला फोन करायचाय.”

“त्यांना नकोय, सर.”

“का?”

“त्यांना तुमचा आवाज सोसवणार नाही.”

“आणि मला त्याचा?”

“तुम्हालाही नाही झेपणार.” मीनाचे डोळे भरून आले, पण मान ताठच होती. “म्हणून तर बसलेय इथे. पोलीस बोलवा. नाही उठणार.”

“हट्टी आहेस.”

“आहे.”

“बदलायचं कधी, ते मी ठरवलंय, बेटा. आजच. आणि नाव तूच घालायचंस.”

“मला मारून टाका, सर, पण—”

“टेम्पोवाल्याचं नाव मी कोर्टात ऐकलं होतं,” सर म्हणाले. “तुला कामावर घेतलं, तेव्हाही विसरलो नव्हतो. लिही. भिका. आडनाव तुझंच.”