वजन समाधानकारक

वजनकाट्यावर चढण्याआधी शिवणकाम करणाऱ्या मावशींनी चपला काढल्या, चष्मा काढला आणि तोंडातलं बटण काढून मुठीत धरलं.

"बटण कशाला काढताय? ते काट्याला कळतसुद्धा नाही," डायलिसिसची तंत्रज्ञ मुलगी म्हणाली.

"मला कळतं ना."

बटण चघळलं की तोंडाला पाणी सुटतं आणि न पिता अर्धा दिवस निघतो, हा शोध मावशींचाच. त्यांच्या किडन्या बंद आहेत. प्यालेलं सगळं पाणी मशीन ओढून घेईपर्यंत अंगातच राहतं. सरकारी आदेशाने आठवड्याच्या तीन मोफत डायलिसिसची दोन झाली, तेव्हा त्यांनी डबाभर बटणं उकळून वॉर्डात वाटली होती.

"एक किलो सहाशे." तंत्रज्ञ मुलीने आकडा वाचला, मागच्या वेळेपासून वाढलेलं वजन. मावशींनी पहिल्या खुर्चीतल्या निवृत्त बसचालकाकडे ऐटीत पाहिलं. तो दोन किलोवर होता.

"चोरून चहा ढोसता तुम्ही."

"अहो, मी आता कपात फक्त डोकावतो. पिते बायको."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. वॉर्डाच्या मधोमध कार्यालयातून आलेले साहेब वजनांची वही चाळत होते. तिसरं डायलिसिस परत मोफत करायचं की नाही, याचा अहवाल त्यांना आजच द्यायचा होता. हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तर आठवडाभर वॉर्डातल्या कुणी घोटभरसुद्धा जास्त पाणी प्यालं नव्हतं. वही चांगली दिसली की साहेब खूश होतील, असा त्यांचा हिशेब.

साहेब खूश झालेच.

"उत्तम! कपातीआधी सरासरी दोन किलो चारशे वाढायचं. आता एक आठशे. म्हणजे तिसऱ्याची गरज नव्हतीच."

"साहेब, ही माणसं तहानलेली आहेत," तंत्रज्ञ म्हणाली.

"म्हणजे शिस्त लागली. बरंच झालं की."

"काट्यावर पाणी दिसतं. रक्तात साठलेलं पोटॅशियम दिसत नाही, आणि हृदय बंद पडतं ते त्यानं. दर महिन्याची रक्ततपासणी तुम्ही त्याच आदेशात बंद केलीत."

"मग माझ्यापुढे आहे काय? ही वही. मी वहीवरूनच लिहिणार ना?"

तिने पुढे होऊन पान उलटलं. "मग हे दोन रिकामे रकाने पण लिहा."

"गैरहजर दिसतात."

"गेले. एक रविवारी, एक परवा. दोघंही डायलिसिस नसलेल्या दिवशी. तुमच्या सरासरीत ते नाहीत."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"सरासरी उपस्थितांचीच काढतात, ताई." आणि लिहिता लिहिता स्वतःशीच वाचलं, "वजन समाधानकारक."

मावशी अजून काट्याजवळच उभ्या होत्या. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. मग टेबलावरची तंत्रज्ञ मुलीची पाण्याची बाटली उचलली, झाकण फिरवलं आणि तोंडाला लावली.

"मावशी! अहो, काय करताय!"

मावशी थांबल्या नाहीत. घटाघटा पीत राहिल्या. डोळे मिटलेले, गळ्याची शीर उडत होती. थेंब सांडू नये म्हणून हनुवटीखाली हात धरला होता. लिटरभर पाणी संपायला मिनिटही लागलं नाही. रिकामी बाटली टेबलावर ठेवून त्या पुन्हा काट्यावर चढल्या.

"वाचा," त्या म्हणाल्या.

तंत्रज्ञ मुलीने वाचलं, "दोन किलो सहाशे."

"घ्या लिहून, साहेब. वहीवरूनच लिहिता ना?"

साहेब मागे सरकले. "हा वेडेपणा आहे. जिवाला काही झालं तर जबाबदार कोण?"

पहिल्या खुर्चीतल्या बसचालकाने सुई न टोचलेला हात पुढे केला.

"पोरी, बाटली भरून इकडे दे."