कोरड्या काचेचे वायपर

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: दोनच माणसं मावणारी, तुमच्या बाबांपेक्षा जुनी, लाल स्पोर्ट्स कार. भार्गवकाकांनी पुतणीला तिच्यातून पावसात फिरवायचं कबूल केलं होतं, पण ढग दिसला की ते गाडी झाकून ठेवत.

एकदा शाळा सुटल्यावर पुतणीला घेऊन ते गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात गेले आणि दाखवलेली वायपरची चौथी जोडीही त्यांनी परत केली. "ही काळी. आमची चंदेरी होती."

"जुनी झिजली का?" दुकानदाराने विचारलं.

"छे, एकदाही वापरली नाही."

"म्हणूनच गेली. नुसतं ठेवलं की रबर वाळून तडकतं. हीसुद्धा तशीच जाणार."

काकांनी चंदेरी जोडी निवडली, गाडीला बसवली आणि आभाळाकडे बघितलं. "एकही ढग नाही. छान."

पुतणीने दप्तरातली बाटली काढली, सगळं पाणी काचेवर ओतलं आणि आत जाऊन बसली.

"काका, पाऊस लागलाय. चला."