फुलांची वाट

पहिल्यांदा हिगाकी फसला तेव्हा इसोगाईला मनापासून आनंद झाला. खांदा डावीकडे टाकायचा आणि चेंडू उजवीकडून काढायचा, ही त्याची जुनी चाल. अडतिसाव्या वर्षी, टाके घातलेल्या गुडघ्यावर, शेवटच्या सामन्यात उत्तरार्धात बदली म्हणून उतरून पाच मिनिटं होत नाहीत तोच ती जमली. समोरच्या संघातला तो पोरगेला बचावपटू सरळ डावीकडे गेला. तेव्हा आमच्या मैदानाला छप्पर नव्हतं. डिसेंबरच्या गारठ्यात, समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात लोक उभे राहून इसोगाईचं नाव घेऊ लागले.

दुसऱ्यांदाही हिगाकी फसला.

तिसऱ्यांदा इसोगाईने खांदा टाकलाच नाही. चेंडू नुसता पुढे ढकलला, तोही जरा लांबच. कुणीही सहज घेतला असता. हिगाकी दोन पावलं मागे सरला आणि अदबीने थांबला. दारात वडीलधाऱ्यांना आधी जाऊ द्यावं, तसा.

इसोगाईची कानशिलं तापली. त्याने जवळ जाऊन विचारलं, तेव्हा हिगाकी खाली बघत पुटपुटला की निरोपाचा सामना आहे, तुमच्याकडून चेंडू घ्यायचा नाही असं आमच्या प्रशिक्षकांनी सांगितलंय. तुमच्याच क्लबने तशी विनंती केली होती म्हणे.

इसोगाई आपल्या कप्तानाकडे वळला. उराबेला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं, त्याच्याखेरीज. उराबे त्याला समजावू लागला, की आपण दोन गोलांनी पुढे आहोत, या निकालाने कुणी वरच्या गटात जाणार नाही की खालच्या, इतकी वर्षं या क्लबसाठी झिजलास, निवृत्त होणाऱ्याला जाताना फुलांची वाट द्यायची, मानाने मिरवत जाऊ द्यायचं, ही आपल्याकडे रीतच आहे.

"कुणी मागितली होती?" इसोगाई म्हणाला.

चेंडू पुन्हा त्याच्याकडे आला. त्याने तो मैदानाच्या मधोमध थांबवला, त्यावर पाय ठेवला आणि उभा राहिला. कुणी पुढे आलं नाही. लोकांना वाटलं, हा निरोप घेतोय. टाळ्यांचा ठेका सुरू झाला. कुणी डोळे पुसत होतं. समोरचा गोलरक्षकसुद्धा हातमोज्यांनी टाळ्या वाजवत होता. रेषेबाहेर क्लबच्या एका बाईने मोठा पुष्पगुच्छ कागदातून सोडवून तयार ठेवला.

"ये," इसोगाई हिगाकीला म्हणाला.

"नको ना, इसोगाई-सान. लोक मला कच्चा खातील."

"खाऊ देत. पुढच्या वर्षी तू खेळणार आहेस, मी नाही. माझ्याकडे एवढाच चेंडू उरलाय, आणि तो तू मला भीक घातल्यासारखा देतोयस."

हिगाकीचा चेहरा लाल झाला. भीक हा शब्द त्याला झोंबला असावा. तो आला.

इसोगाईने खांदा टाकला. हिगाकी डावीकडे गेला नाही. नडगीवर नडगी आदळली, इसोगाई ओल्या गवतात तोंडावर पडला, आणि चेंडू घेऊन हिगाकी निघून गेला. सगळं मैदान त्याची हुर्यो उडवू लागलं. आमच्या लोकांच्या तोंडून असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्याला अडवायला कुणी तयारच नव्हतं. तो तसाच धावत गेला आणि त्याने गोल मारला.

इसोगाई उठला. त्याच्या ओठाला चिखल आणि रक्त होतं. गोलाकडे न बघता तो तडक पंचांकडे गेला. हिगाकीने आधी माझा पाय तुडवला, मग चेंडू घेतला, तुमचे डोळे कुठे होते, असं तो तावातावाने विचारू लागला.

पंच केस पिकलेले गृहस्थ होते. ते हसले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, पाय लागला नाही, गोल बरोबर आहे, पण जाऊ द्या, आजचा दिवस तुमचा आहे.

इसोगाईने तो हात झटकून टाकला.

"माझा दिवसबिवस काही नाही. सामना चालू आहे. आंधळे आहात का तुम्ही?"

पंचांचं हसू मावळलं. ते एक पाऊल मागे सरले, त्यांनी खिशात हात घातला आणि पिवळं कार्ड त्याच्या तोंडासमोर उंच धरलं.

टाळ्या थांबल्या, हुर्योही थांबली. पुष्पगुच्छवाली बाई होती तिथेच थिजली. इसोगाईने क्षणभर त्या कार्डाकडे पाहिलं. मग तो पंचांपुढे कमरेत वाकला, अगदी नीट, आणि वळून आपल्या जागेकडे लंगडत पळत सुटला.

"उराबे, झोपलायस का?" तो वाटेतच ओरडला. "हिगाकीला धर."